तुटलेलं पान

"वही इथंच बघायची. फोटो नाय काढायचा," साहेबरावांनी बजावलं.

प्रेरणानं मोबाइल पिशवीत टाकला. वेरूळच्या माहितीफलकांसाठी नवी चिन्हं करायचं काम तिला मिळालं होतं. लेण्यांच्या खांबांवरची नक्षी मुकुंदवाडीतल्या एका पेंटरकडे उतरवलेली आहे, असं कळल्यावर ती पत्ता विचारत आली होती.

तीस वर्षं साहेबरावांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या आणि रविवारी वेरूळ गाठून कमळं, वेली, घट पेन्सिलीनं उतरवले. फ्लेक्स आल्यावर पाट्या बंद झाल्या. वही राहिली. मग इंद्रजीत नावाचा एकजण काका, काका म्हणत आला, चहा प्याला, फोटो काढून गेला. पुढं तेच कमळ मिठाईच्या खोक्यांवर दिसलं. जाब विचारल्यावर तो हसला होता. "लेण्यातलं कमळ, काका. तुमचं कसं?"

तेव्हापासून वही कपाटात होती, आणि किल्ली कमरेला.

एका चित्रावर प्रेरणा थांबली. भरल्या घटातून ओसंडणारी पानं होती.

"काका, हे डावीकडचं पान तुम्ही कुठून घेतलं?"

"कुठून म्हंजे? खांबावर हाय तसंच हाय."

"खांबावर ते तुटलंय. काल बघितलं मी. हे पान तुमचं आहे. मला तेवढंच हवंय, तुमच्या नावानं."

साहेबरावांनी वही मिटली. नाव देते म्हणते, म्हणजे लई पोचलेली दिसते.

"इचार करून सांगतो," ते म्हणाले. तिनं नंबर लिहून ठेवला आणि ती गेली.

बाई खोटं बोलली, हे पक्कं करायला रविवारी ते वेरूळला गेले. लेण्यातल्या अंधाराला डोळे सरावले, तसा घट दिसला. उजवीकडची पानं जागेवर होती. डावीकडं नुसता खडबडीत दगड होता, तोही फार पूर्वीच तुटून काळवंडलेला. त्यांनी वही उघडून चारदा ताडून पाहिलं. आपण फक्त उतरवून घेतो, असंच ते इतकी वर्षं समजत आले होते.

बाहेर उन्हात येऊन त्यांनी नंबर फिरवला.

"ताई, मुकुंदवाडीचा पेंटर बोलतोय. पान माझंच हाय. घ्या तुम्ही. पण नाव पुरं टाकायचं, आन् आधी कागदावर लिहून द्यायचं."

"देते ना, काका. सांगा पूर्ण नाव."

"साहेबराव कचरू हिवराळे," ते म्हणाले. आजूबाजूच्या दोघातिघांनी वळून पाहिलं, इतका आवाज चढला होता.