कोणी वापरतं का हा ड्रायव्हर?

त्याला सगळे राखणदार म्हणत, आणि राखण कशाची, तर एका ड्रायव्हरची. गाडीवरचा नव्हे, तो निदान आठवड्यातून एकदा सुट्टी तरी घेतो. हा ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटर आणि त्याच्या पोटातलं एक कार्ड यांच्यात दुभाष्याचं काम करणारा प्रोग्राम. ते कार्ड चार डिस्क एकत्र नांदवायचं. चार जावांचा कारभार म्हणा ना: एक आजारी पडली तरी बाकीच्या तिघी तिचं काम ओढून नेतात आणि बाहेरच्याला पत्ता लागत नाही. कार्ड बनवणारी कंपनी केव्हाच गाशा गुंडाळून गेली होती. मागे उरला हा पठ्ठ्या, बिनपगारी फुल अधिकारी.

ऑपरेटिंग सिस्टीमची नवी आवृत्ती आली की तिच्यात काहीतरी बदललेलं असायचंच. मग दुभाष्याला नवी बोली शिकवायला राखणदार रविवारी सकाळी बसे तो दिवेलागणीलाच उठे. असे किती रविवार गेले, देव जाणे. बायको एका शब्दानं बोलली नाही. अशी बायको मिळायला पुण्य लागतं बाबा, असं मित्र म्हणत. तो 'हं' म्हणे आणि पुन्हा स्क्रीनमध्ये डोकं घाली.

शेवटी तोच कंटाळला. इतक्या वर्षांत ना कुणाची तक्रार, ना कुणाचं कौतुक. आपण मेलेल्या माणसाला औषध पाजतोय की काय, असं त्याला वाटायला लागलं. या धंद्यात अशा वेळची एक रीत आहे. आधी ही सिस्टीम सांभाळणाऱ्या-वापरणाऱ्या सगळ्यांच्या ग्रुपवर विचारायचं, "कोणी वापरतं का हा ड्रायव्हर?" कोणी हूं की चूं केलं नाही, तर नव्या आवृत्तीतून काढून टाकायचा आणि कान टवकारून बसायचं. कोणी बोंब मारलीच, तर परत घालायचा. राखणदारानं विचारलं. सामसूम! ग्रुपचे म्होरके, ज्यांना सगळे तात्या म्हणत, त्यांनी मान डोलावली. ड्रायव्हर गेला, आणि सुटलो एकदाचा म्हणून राखणदार सोफ्यावर आडवा झाला.

नवी आवृत्ती बाहेर पडली आणि भर दुपारी बोंब आली. ग्रुपवरून नव्हे, खालच्या मजल्यावरून.

खाली बायकोचं दातांचं क्लिनिक होतं. "अरे, आधी खाली ये! एकही एक्स-रे दिसत नाहीये!"

तो स्लिपर पायात अडकवून धावला. खुर्चीवर एक रिटायर्ड हेडमास्तर तोंड बधिर करून, गालात कापूस घेऊन पडले होते. काउंटरवरच्या मावशी कॉम्प्युटरला चापट्या मारत होत्या. त्यांचा जुना टीव्ही असाच सुरू व्हायचा म्हणे. स्क्रीनवर एकच ओळ होती: डिस्क सापडत नाही.

राखणदारानं कपाटामागचा कॉम्प्युटरचा डबा ओढला आणि उघडला. आत त्याचंच कार्ड! कंपनी बुडाली तेव्हा त्याला दोन कार्डं मिळाली होती. एक वर त्याच्या टेबलावर होतं, आणि दुसरं त्यानंच इथे बसवलं होतं. वर शहाणपणा असा, की नवी आवृत्ती आली की मशीननं ती आपली आपण घ्यावी, हेही यानंच लावून ठेवलेलं. इतकी वर्षं काही बिघडलं नाही, म्हणून गडी साफ विसरला होता.

"गेले का रे सगळे?" बायकोनं विचारलं. "सगळ्या पेशंटचे आहेत त्यात. यांचं मूळ किती वाकडं आहे ते बघितल्याशिवाय मी हात लावणार नाही."

"ऊं, ऊं!" हेडमास्तर म्हणाले.

"ते विचारतायत, घरी जाऊ का," मावशींनी सांगितलं.

"डिस्क शाबूत आहेत गं. फक्त बोलणारा कोणी नाही मधे." त्यानं मशीन पुन्हा सुरू केलं, जुनी आवृत्ती निवडली, आणि हेडमास्तरांची दाढ मुळासकट स्क्रीनवर उगवली. मावशींनी हात जोडले.

हेडमास्तर गाल धरून गेल्यावर बायकोनं ग्लोव्हज काढले. "काय झालं होतं नक्की?"

"मीच काढला ड्रायव्हर. म्हटलं, कोणी वापरत नाही."

ती चिडली असती तर परवडलं असतं. पण ती साध्या आवाजात म्हणाली, "काढलास? मला वाटायचं, दर रविवारी तू माझ्या क्लिनिकसाठी बसतोस. म्हणून तर एवढी वर्षं तोंड उघडलं नाही."

राखणदाराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. होय म्हणून मोकळं व्हावं असं क्षणभर वाटलंही, पण जीभ रेटेना. "नाही गं. इथलं मशीन माझ्या लक्षातच नव्हतं."

"मग कुणासाठी बसायचास?"

"माहीत नाही," तो म्हणाला. आणि ते खरं होतं, हेच वाईट.

तिनं कीबोर्ड पुढे ओढला.

"काय करतेस?"

"बोंब मारते. तुमच्यात तशी रीत आहे ना?"

तिनं ग्रुपवर लिहिलं: मी दातांची डॉक्टर. हा ड्रायव्हर मी वापरते. काढू नये. आजवर बोलले नाही, कारण दुखत नव्हतं.

तात्यांचं उत्तर लगेच आलं. ड्रायव्हर परत घ्यावा. राखणदार तोच राहील. आणि यापुढे डॉक्टरीणबाईंनी खऱ्या मशीनवर तपासून 'ठीक' म्हटल्याशिवाय त्यात एक अक्षर बदलू नये. राखणदारानं कपाळावर हात मारून घेतला.

पुढच्या रविवारी सवयीनं तो बसला, जुळवाजुळव केली आणि तपासायला बायकोकडे पाठवून दिली. ती गॅलरीत होती, तरी उत्तर मेलनंच आलं: रविवारी तपासणी बंद. सोमवारी वेळ घेऊन यावे.

पाठोपाठ हाक आली, "चहा दोघांचा टाकलाय!"

तो उठून बाहेर गेला. गॅलरीत दोन खुर्च्या होत्या. एकीवर ती बसली होती, दुसरीवर तिनं कुंडी ठेवून दिली होती. त्यानं कुंडी उचलून खाली ठेवली आणि टेकला.

"सांभाळून. डुगडुगते ती."

"केव्हापासून?"

"झाली की वर्षं. मी बोलले नाही इतकंच."

तो लगेच पाना आणायला उठला. तिनं त्याचा हात धरला.

"खुर्चीचं राहू दे," ती म्हणाली. "तू बस आधी."