पाप तळाशी बसलं

चौकातला ड्रम नळाच्या गढूळ पाण्याने भरलेला आणि सगळी गल्ली त्याच्याभोवती जमलेली. मधोमध बाबा, हातात जाडजूड पांढरा दंड. त्यांनी तो पाण्यात गरागरा फिरवला आणि फर्मावलं, "आता डोळे मिटून ऐका!" मग अर्धा तास प्रवचन. चमत्काराला अर्धा तास का लागावा, हे कुणी विचारलं नाही. डोळे उघडले तर पाणी नितळ!

"बघा, पाप तळाशी बसलं!" बाबा गरजले. बसला होता तो निव्वळ गाळ.

मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. गल्लीत मला क्लोरीनबाई म्हणतात. फुटलेल्या पाइपात गटार झिरपतंय, पाणी गाळा, क्लोरीनचे थेंब टाका, हे दारोदार सांगून माझा घसा बसला होता. पण थेंबांना वास येतो ना! माझ्या सख्ख्या ताईने बाटली मोरीत ओतली होती. आणि आता तीच ड्रममधलं पाणी पेल्यात घेऊन माझ्या भाचीला पाजायला निघाली. पोर परवाच जुलाबातून उठलेली.

"ताई, थांब!"

"तुझं आपलं नेहमीचंच," ताई फणकारली. "काचेसारखं पाणी आहे."

आमची जुंपलेली असताना भाची कडेवरून वाकली आणि तिने बाबांचा दंडच चाटला. दिसेल ते चाटायचं, हा तिचा धर्म. तिचं तोंड असं काही वाकडं झालं की गल्लीला हसू आवरेना. ताईने दंडाला बोट लावून जिभेवर टेकवलं.

"अगं बाई, ही तर तुरटी!"

"दिव्य तुरटी," बाबा सावरत म्हणाले.

"तुरटीने गाळ बसतो, पण जंतू सगळे मरत नाहीत," मी म्हटलं. "बाबा, हा पेला तुम्हीच घ्या."

बाबांनी झोळीतून सीलबंद बाटली काढली. "आम्ही आमचंच पितो."

ड्रममधलं पाणी मी तपासणीच्या बाटलीत भरून चौकात ठेवलं. गटाराचे जंतू असले तर ते काळं पडतं. दुसऱ्या दिवशी बाटली काळीकुट्ट! बाबांनी तोवर काढता पाय घेतला होता.

दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. गढूळ पाण्याची निदान भीती तरी वाटते. नितळ दिसणाऱ्यावर आपण विश्वास टाकतो. तेव्हा मंडळी, पाणी डोळे मिटून पिऊ नका आणि नुसतं डोळ्यांनी बघूनही पिऊ नका. तपासा, शुद्ध करा, मग प्या. आणि पाइप दुरुस्त होईपर्यंत पालिकेच्या मागे लागा.

त्या संध्याकाळी ताईने गाळलेल्या पाण्यात स्वतःच्या हाताने थेंब टाकले.

"आता अर्धा तास थांब," मी म्हटलं.

"का? तुझंही प्रवचन आहे?"

"नाही. जंतू मरायला तेवढा वेळ लागतो."

अर्ध्या तासाने तिने पेला आधी नाकाशी नेला. "येतोय वास," ती समाधानाने म्हणाली आणि मग लेकीच्या ओठांना लावला.