उलटा पीळ

प्रयोगशाळेत सरांना सगळे पाठीमागे 'फूटपट्टी' म्हणत. सरांचं मोजमाप चुकत नाही असा तिथला समज होता, आणि खरं सांगायचं तर सरांचाही तोच होता.

त्यांची शेवटची विद्यार्थिनी 'चिमटी'. अंगानं काडी, पण एकदा काही धरलं की सोडायची नाही. प्रकाशाच्या झोतालाही दोरासारखा पीळ घालता येतो. तो मोजायची तिची युक्ती सरांना मनापासून आवडे. झोत तिकोनी छिद्रातून सोडायचा, की विवर्तनानं, म्हणजे प्रकाश कडांशी वाकून पसरल्यानं, पलीकडे ठिपक्यांचा त्रिकोण उमटतो. एका बाजूचे ठिपके मोजून एक वजा केला की पीळ किती ते कळतं आणि त्रिकोणाचं टोक बघून उजवा की डावा तेही. ज्याला पुस्तकात 'कक्षीय कोनीय संवेग' असं भारदस्त नाव आहे, ते ही पोरगी बोटांवर मोजते, याचं त्यांना कोण कौतुक!

पदवीच्या परीक्षेला परीक्षक बाई आल्या. लेसर सुरू झाला. ठिपके बरोबर आले, टोक मात्र भलत्याच बाजूला. प्रबंधात पीळ उजवा, पडद्यावर डावा.

"अहो, दिशाच उलटी! मग बाकीच्या मोजमापांवर विश्वास कसा ठेवायचा?" बाई म्हणाल्या.

चिमटीचा चेहरा उतरला. पदवी दारापर्यंत येऊन मागे फिरत होती.

"संगणकात उजव्या-डाव्याचं चिन्ह बदलून टाक गं," सर कुजबुजले.

"कारण कळल्याशिवाय नाही, सर."

झोताच्या वाटेनं एकेक वस्तू तपासत ती एका आरशापाशी थांबली. आरशावरून परतला की पीळ उलटा होतो, आणि हा आरसा कालपर्यंत तिथे नव्हताच. बाईंच्या खुर्चीला जागा व्हावी म्हणून सकाळी सरांनीच तो लावून झोत वळवला होता. तिनं सरांकडे पाहिलं, तेव्हा कुठे सरांना तो आठवला.

"एक आरसा जास्तीचा आहे," ती बाईंना म्हणाली. "माझंच लक्ष गेलं नाही."

आपल्याला वाचवायला पोरगी पदवीवर पाणी सोडायला निघाली! सरांना लाज वाटली.

"तो मी लावला, बाई," ते उठून म्हणाले. "आणि हिला सांगायचं विसरलो. प्रकाश खरंच डावा झाला होता, हिच्या छिद्रानं तो डावाच दाखवला. माझी चूक पकडली की हो त्यानं! अजून कसला पुरावा हवा?"

स्वतःची चूक सांगताना त्यांची छाती अभिमानानं फुगली होती.