मारोतरावच्या दारातला मातीचा बैल

ज्या वर्षी आमच्या गल्लीत पहिला टीव्ही आला, त्याच वर्षीची गोष्ट. भिलाई तवा मध्यप्रदेशात होती, आन् टीव्ही मारोतरावकडे होता. मारोतराव स्टील प्लांटात फोरमन, मूळचे उमरेडकडचे. गल्लीचे अध्यक्षही तेच. निवडलं कोनीच नव्हतं, पन टीव्हीवाल्याशी भांडन कोन घेते?

आमच्या क्वार्टरांच्या मांगं नाला होता, आन् नाल्याच्या पलीकडं झोपड्या. प्लांट वाढवाचं काम निघालं तवा ठेकेदारानं गावोगावचे मजूर आनले. काम सरलं, ठेकेदार गेला, मजूर तिथंच राह्यले. टिनाचे पत्रे, फाटक्या ताडपत्र्या, सिमेंटाच्या थैल्या शिवून केलेल्या भिंती. मंग टाउनशिपच्या ऑफिसातून निरोप आला, का झोपड्या उठवाच्या का राहू द्याच्या, रहिवाशांनी बैठक घेऊन सांगावं.

मारोतरावले तर उठवाच्याच होत्या. "धूर येते जी तिकडून. डोळे झोंबतात."

मी म्हटलं, "मारोतराव, एवढी प्लांटाची चिमनी डोक्शावर उभी आहे. तिचा धूर नाही दिसत, आन् गिरजाबाईच्या चुलीचा दिसते?"

"पुंडलिक, तू गंमत नको करू. ही सिरीयस बात आहे."

गिरजाबाई म्हनजे झोपड्यातली म्हातारी, छत्तीसगढी. गल्लीत कोनाच्याही घरी बाळंतपन झालं का बाळाले न्हाऊ घालाले तीच ये. माझ्या दोन्ही पोरी तिच्याच पायावर न्हाल्या. ती एक दिवस आमच्या पायरीवर येऊन बसली आन् म्हने, "पुंडलिक बाबू, बैठक मा सब झन उठाव कहिहीं, त हमन कहाँ जाबो?"

कुठं जानार? भाषन करता येत नाही मले, अर्ज लिहिता येत नाही. मले फक्त खोड्या येतात.

म्हनून मी मारोतरावकडे गेलो. "बैठक कवा ठेवता? तुमचा वीकली ऑफ कवा आहे?"

"सोमवारी."

"मंग सोमवारी संध्याकाळीच ठेवा. तुमच्याच अंगनात. अध्यक्षाच्या दारी शोभते."

मारोतराव खूश. प्लांटातल्या मानसाले तिथी माहीत नसते हो, ड्यूटी माहीत असते. ए शिफ्ट, बी शिफ्ट, वीकली ऑफ, एवढंच त्याचं पंचांग. मारोतरावची पोरं शिकाले नागपूरले गेली होती, त्यामुळं घरात आठवन करून देनारं लेकरूही नव्हतं. त्या सोमवारी तान्हा पोळा होता!

तान्हा पोळा म्हनजे आमा विदर्भवाल्या लोकाईचा सन. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं लाकडी बैल सजवून दारोदार नेतात. दारी आलेल्या बैलाचे पाय धुवाचे, कुंकू लावाचं, आन् ज्यानं बैल आनला त्याले बोजारा द्याचा, म्हनजे खाऊ, चिल्लर, जे असन ते. रिकाम्या हातानं वापस पाठवाचं नाही.

मी गिरजाबाईले सांगतलं, "तुमच्याकडं पोळ्याचे मातीचे बैल असतीन ना? एक घेऊन या सोमवारी, मारोतरावच्या दारात."

तिले हसू आलं. "मैं कोनो लइका हंव का, बाबू?"

"एक दिवस लेकरू होऊन पाहा."

सोमवारी अंगन गच्च भरलं. मारोतराव खुर्चीवर, आमी सतरंजीवर. भाषन चालू झालं, स्वच्छता, चोऱ्या, सेक्टरची इज्जत. माना डोलून राहिल्या होत्या. मी बाजूले बसलेल्या केवलरामच्या कानात म्हटलं, "आता पाह्य मजा." तो म्हने, "अबे, काय केलं तू?"

मारोतराव म्हनाले, "तर ज्याईले झोपड्या उठवाव्या वाटते, त्याईनं हात वर..."

तेवढ्यात फाटक करकरलं. गिरजाबाई! धुतलेलं लुगडं, हातात सुतळी, आन् सुतळीच्या टोकाले चाकावरचा मातीचा बैल, खडखड खडखड करत. झोपड्यातले सारे लोक तिच्या मांगं, फाटकाबाहेर उभे.

मारोतराव ओरडले, "हे काय आहे? बैठक चालू आहे इथं!"

पन लेकराईसाठी मारोतरावच्या बायकोचं, प्रेमलावैनीचं, ताट तयारच होतं. बैल पाह्यला आन् त्या उठल्याच. नवऱ्याकडं पाह्यलं बी नाही. बैलाच्या चाकाईवर पानी घातलं, कुंकू लावलं, ओवाळलं. अंगनातल्या बाया डोक्शावर पदर घेऊन उभ्या राह्यल्या. वैनी सवयीनं बोलल्या, "बोल बाई, काय बोजारा देऊ?"

गिरजाबाई म्हने, "मोला रहे के जघा दे दे, दाई."

वैनीनं ताटातल्या करंज्या पाह्यल्या, नाल्याकडं पाह्यलं. "दिली," म्हने.

मारोतराव खुर्चीवरून उठले. "अवं, दिली काय दिली? जागा का आपल्या बापाची आहे?"

"नाही ना? मंग तुमच्या बापाची नाही, तर उठवता कसे?"

असा हसा पिकला बाप्पा! मारोतराव बी अर्धे हसले, अर्धे लाजले. मी संधी साधली. "अध्यक्ष, हात वर कराचं राह्यलं." मारोतरावनं चहूकडं पाह्यलं. ज्या बाया उभ्या होत्या, त्याईच्या नवऱ्याईची हात वर कराची हिंमत होती का? एक बी हात उठला नाही. ऑफिसले कळवलं, का रहिवाशांची हरकत नाही. झोपड्या राह्यल्या, जोवर त्याईले दुसरीकडं पक्की जागा भेटली नाही तोवर.

गिरजाबाई जाताना बैल तिथंच ठेवून गेली.

मारोतराव रिटायर होऊन नागपूरले निघाले, तवा ट्रकात सामान मीच चढवलं. टीव्ही पोत्यात गुंडाळून मांगं टाकला. बैल मात्र मारोतरावच्या मांडीवर. एक शिंग तुटलेलं.

"पुंडलिक," ते म्हने, "त्या बैठकीची तारीख तूच सुचवली होती ना बे?"

"नाही जी. तुमचा वीकली ऑफ होता."

ट्रक चालू झाला. मारोतरावनं मले एक गावरान शिवी हासडली, आन् बैलाचा कान पडू नये म्हनून त्याच्यावर हात ठेवला.