बारावा राजीनामा

माझ्या मामांनी आयुष्यात अकरा राजीनामे दिले आणि एकाही पदावरून ते खाली उतरले नाहीत. सहा वेळा आमदार झाले. मंत्री मात्र एकदाही नाही. "पुढच्या विस्तारात नक्की," असं त्यांना पहिल्यांदा सांगितलं गेलं तेव्हा माझा जन्म व्हायचा होता. आता माझं टक्कल पडायला लागलंय.

माझं शिक्षण संपलं तेव्हा आई म्हणाली, "मामाकडे जा, कुठेतरी चिकटवून देईल." मामांनी मला राजीनाम्यांना चिकटवलं. शेवटचे चार माझ्या हातचे आहेत. राजीनामा तीन पानी असायचा. पहिल्या पानावर निष्ठा, दुसऱ्यावर अपमान, तिसऱ्यावर जड अंतःकरण. आणि तो पक्षप्रमुखांच्या नावे जायचा. यातली गोम अशी की आमदारकीचा खरा राजीनामा विधानसभा अध्यक्षांकडे द्यावा लागतो, एका ओळीचा, कारण न देता. पक्षप्रमुखांना तीन पानं लिहिली तर ते फार तर एक रागावलेलं पत्र होतं. ही गोम सगळ्यांना ठाऊक होती. पक्षप्रमुखांना तर जास्तच, कारण तरुणपणी तेही मामांसाठी राजीनामे लिहायचे.

पत्र गेलं की पुढचं आपोआप व्हायचं. मंडपवाला न सांगता दोनशे खुर्च्या आणून टाकायचा. एक जुना कार्यकर्ता पाण्याच्या टाकीवर चढायचा. त्याचं खरं नाव त्याच्या रेशनकार्डालाही आठवत नसेल, सगळे त्याला टाकीवाला म्हणायचे. चौघं जण मामांच्या गाडीपुढे आडवे पडायचे. मामी दारात येऊन "त्यांनी ठरवलंय, मी काय बोलणार" म्हणायच्या आणि डोळे पुसायच्या. तिसऱ्या दिवशी पक्षप्रमुखांचा फोन यायचा आणि मामा कार्यकर्त्यांच्या भावनांचा आदर करायचे.

या सगळ्यात मामा एकोणसत्तर वर्षांचे झाले.

मामी सदुसष्ट वर्षांच्या झाल्या, पण ते कोणी छापलं नाही. त्यांच्या घरात पुढच्या खोलीत पहाटेपासून वीस माणसं बसलेली असायची. कोणाला बदली हवी, कोणाला दाखला, कोणाला नुसतंच बसायचं असायचं. त्यामुळे मामी तीस वर्षं स्वतःच्या घरात मागच्या दाराने ये-जा करत होत्या. निजायच्या खोलीत पलंगाशेजारी झेरॉक्सचं मशीन होतं. एकदा आजारपणात त्यांनी डोळे उघडले तर एक अनोळखी गृहस्थ पायथ्याशी उभा राहून "दोन प्रती" म्हणाला.

महिना संपायला दहा दिवस असताना मामी चहाच्या कपात बघत म्हणाल्या, "एक तारखेला मी लेकीकडे राहायला चालले. कायमची. दोनच खोल्या आहेत तिथे, पण पुढच्या खोलीत कोणी बसलेलं नसतं. तुम्ही येणार असाल तर गाडीत माझ्या शेजारी जागा आहे. नसाल तर तिथे बॅग ठेवीन."

मामा म्हणाले, "येतो."

"हे मला सांगताय की मतदारसंघाला?"

मामांनी कप खाली ठेवला आणि मला हाक मारली. "लिही. विधानसभा अध्यक्षांच्या नावे. एका ओळीत."

मी लिहिलं, ‘मी माझ्या सदस्यत्वाचा राजीनामा देत आहे.’ एवढासा कागद मला उघडाबोडका वाटला. चार राजीनामे लिहिलेला माणूस मी. म्हटलं, निदान जड अंतःकरण तरी घालू या.

"हलकं आहे रे," मामा म्हणाले आणि सही केली.

ते खोटं नव्हतं. जिना उतरताना ते कठड्याला न धरता उतरले.

अध्यक्षांनी कागद वाचला. मग उलटून मागे काही आहे का ते पाहिलं. "स्वेच्छेने देताय?"

"हो."

"कोणाचा दबाव?"

"बायकोचा."

अध्यक्ष डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "काय मुरलेला माणूस आहे!" त्यांनी कागद खणात ठेवला आणि खणाला कुलूप लावलं. "विचार करायला आठ-दहा दिवस लागतील."

"माझा झालाय विचार."

"मी माझं सांगतोय."

आम्ही घरी पोहोचेपर्यंत मंडपवाला खुर्च्या उतरवत होता. मामा गाडीतून उतरून सरळ त्याच्याकडे गेले. "बाबा रे, या वेळी खरं आहे."

"साहेब, मागच्या वेळीही खरंच होतं की," मंडपवाला म्हणाला. "चारशे टाकू का? एका ओळीचा आहे म्हणे."

टाकीवाला तर माझ्या जन्माआधीपासून टाकीवर चढतोय. आता त्याच्या गुडघ्यात पाणी झालंय, ते टाकीतल्यापेक्षा जास्त असं तोच सांगतो. मामा टाकीखाली जाऊन उभे राहिले तेव्हा तो बाराव्या पायरीवर बसून धापा टाकत होता.

"उतर खाली. या वयात हे बरं दिसतं का? खरंच जातोय मी."

"साहेब, तुम्ही नुसते रुसला असतात तर उतरलो असतो," टाकीवाला वरून म्हणाला. "खरंच जाताय म्हटल्यावर मी कुठल्या तोंडाने उतरू?"

आम्ही त्याला एक उशी पाठवली. तिसऱ्या दिवशी अग्निशमन दलाने त्याला उतरवलं, तेही त्याच्याच विनंतीवरून.

मामांनी मग पत्रकारांना बोलावलं आणि साध्या भाषेत सांगितलं, "मी दमलोय. मला झोपायचंय." दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर आलं: ‘दमलोय! ज्येष्ठ आमदारांचा सूचक इशारा.’ आत एका विश्लेषकाने दोन रकाने भरून लिहिलं होतं की झोपेचा उल्लेख नेमका कोणाला उद्देशून आहे हे येत्या आठवड्यात कळेल. त्यानंतर मामा बोलायचे थांबले. मग त्यांच्या मौनावर लेख आले. विरोधी पक्षाचे दोघं जण मागच्या दाराने भेटून गेले आणि म्हणाले, काही सुचवायचं असेल तर सुचवा. मामांनी त्यांना सुचवलं की जाताना दार लोटून घ्या. यावरून सरकार पडणार अशी बोलवा उठली.

मामी हे सगळं बघत होत्या. या वेळी त्या दारात आल्या नाहीत, डोळेही पुसले नाहीत. कपाट आवरत होत्या. वाट्याला आलेली साधी कामं करायला मामांनीही सुरुवात केली होती: ते स्वतःच्या मोज्यांची घडी स्वतः करत. नीट जमत नव्हतं. मामी त्या घड्या मोडून पुन्हा करत, पण मामा बघत नसताना. मी त्या घरात आल्यापासून त्या दोघांना एका खोलीत सलग अर्धा तास बसलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. झेरॉक्सचं मशीन बंद होतं.

एक तारखेला सकाळी गाडीत सामान चढलं. मामी मागे बसल्या, मामा त्यांच्या शेजारी. मी पुढे, चालकाजवळ. फाटकाशी चौघं आडवे पडलेलेच होते. त्यातल्या एकाने चटई आणली होती. चालकाने सवयीने इंजिन बंद केलं.

मामांनी काच खाली केली. "उठा रे. उशीर होतोय."

"साहेब, आमच्या अंगावरून गाडी घाला!"

"अरे, लेकीकडे चाललोय मी."

"त्यांच्याकडेही आमच्या अंगावरूनच जा!"

मामी खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "मला वाटतं, आपण मागच्या दाराने..." आणि त्यांना हसू आलं. मामाही हसले. मी मनात म्हटलं, सुटला माणूस.

तेवढ्यात फोन वाजला. पक्षप्रमुख. मामांना कमी ऐकू येतं म्हणून त्यांचा फोन कायम मोठ्या आवाजावर असतो. त्यामुळे गाडीतल्या सगळ्यांनी ऐकलं.

"जिंकलात तुम्ही!" पक्षप्रमुख म्हणाले. "हात टेकले आम्ही. काय डाव टाकलात, एका ओळीत! अध्यक्षांनी कागद परत पाठवलाय माझ्याकडे, फाडतोय तो. उद्या शपथ. मंत्री झालात."

दूध उतू जातंय का हे बघावं तसं मामी मामांकडे बघत होत्या. रागाने नाही, नुसतं लक्ष ठेवून. मामांनी तोंड उघडलं. नकार तयार होता, अगदी ओठांवर आला होता. मी आरशात बघत होतो, मला दिसला.

"कुठलं खातं?" मामा म्हणाले.

"मत्स्यव्यवसाय."

"आपल्या भागात समुद्र कुठाय?"

"म्हणूनच तर दगदग नाही. तुमच्या वयाचा विचार केलाय."

मामींनी दार उघडलं आणि त्या उतरल्या. मामांनी फोन कानाशी धरूनच दुसरा हात वर केला, पाचही बोटं पसरून. म्हणजे एक मिनिट. हा हात मी लहानपणापासून बघत आलोय.

मी मागून एक बॅग काढून त्यांच्यामागे धावलो. चौघांनी पाय आखडून मामींना वाट करून दिली. "सांभाळून हां, वहिनी," चटईवाला म्हणाला. त्यांच्यापुढे आडवं पडायचं कोणालाच कोणी सांगितलेलं नव्हतं.

कोपऱ्यावर टॅक्सी मिळाली. मी म्हटलं, "मामी, फोन संपला नाहीये अजून. नाही म्हणतीलही ते."

"विचारलं ना त्यांनी?" मामी म्हणाल्या. "मग झालं." त्यांनी बॅग आपल्या शेजारी ठेवून घेतली, मला वेळेवर जेवायला सांगितलं आणि काच वर केली.

मी परत आलो तेव्हा चौघं उठून कपडे झटकत होते, एकमेकांना अभिनंदन म्हणत होते. मामा गाडीतच होते. फोन मांडीवर पडला होता.

"गेली?"

"गेल्या."

"मला वाटलं, नुसतं विचारायला काय जातंय." त्यांनी उतरण्यासाठी एक पाय बाहेर काढला आणि तसेच बसून राहिले. बाहेर कोणीतरी घोषणा दिली, ती पहिल्यांदा जमली नाही म्हणून पुन्हा दिली. मामा त्या दिशेने हात हलवत होते, बघत मात्र नव्हते.

"मासे किती प्रकारचे असतात रे?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, बघून सांगतो.