कोरीनला कबूल केलेली गाडी

गाडी द्यायची तर माणसानं घरी जाऊन हळूच किल्ली हातात द्यावी. माझ्या नवऱ्याला, लिओनेलला, ते कसं जमणार? ओडेटच्या बाप्तिस्म्याचं जेवण चाललं होतं, चर्चच्या तळघरातला हॉल गच्च भरलेला, आणि हा प्लास्टिकचा ग्लास घेऊन उभा राहिला. ओडेट म्हणजे कोरीनची तान्ही मुलगी, आणि कोरीन म्हणजे लिओनेलच्या भावाची, गेटनची, पोर. गेटन जंगलात लाकूडतोडीच्या कामावर असताना अंगावर झाड पडून गेला, तेव्हा ती शाळेत होती. तेव्हापासून लिओनेलला वाटतं की तिचा बाप आता आपण व्हायला पाहिजे. जमत मात्र नाही. तिच्या घरी जातो, नळ दुरुस्त करतो, बोलायला काही सुचत नाही म्हणून उठून येतो.

त्या दिवशी सुचलं. म्हणाला, कोरीनला जंगलापलीकडच्या वृद्धाश्रमात नोकरी लागलीय, ओडेटला सांभाळणारी बाईही तिकडंच मिळालीय, रोज लेकराला घेऊन एवढा रस्ता तुडवायचा तर गाडी हवी, म्हणून माझी छोटी गाडी मी तिला दिली, नोकरी सुरू व्हायच्या आधी किल्ली तिच्या हातात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोरीन रडली. मीही डोळे पुसले, खोटं कशाला बोलू.

आणि मग मेली ती गाडी घसरायला लागली.

मलाच पहिल्यांदा कळलं, कारण ती चालवायचे मी. लिओनेलचा जीव त्याच्या पिकअपमध्ये. दुकानातून येताना चर्चच्या चढावर मी पाय दाबला तर इंजिन नुसतं बोंबलतंय आणि गाडी जागच्या जागी. मग असा हिसका दिला की अंड्यांचा खोका खाली. घरी येऊन सांगितलं तर म्हणे, तुझा पायच जड आहे. मग स्वतः एक फेरी मारून आला. जेवताना बटाट्याला काट्यानं टोचत बसला.

रोझेरकडे नेली. रोझेर म्हणजे आमच्या गावातला गॅरेजवाला, लिओनेलचा शाळेपासूनचा दोस्त. त्यानं एकच विचारलं, गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललंस? कधीच नाही, म्हणाला लिओनेल. इंजिनचं ऑइल हा माणूस औषधासारखं वेळच्या वेळी बदलतो, पण ऑटोमॅटिक गिअरच्या ऑइलला आमच्याकडे कोणी हात लावत नाही. ते गाडीच्या जन्मभराचं असतं म्हणतात. जन्म किती वर्षांचा, ते कोणी विचारत नाही. रोझेर म्हणाला, "इतकी वर्षं नाही बदललंस ना, मग आता तर मुळीच बदलू नकोस. तेच घाणेरडं ऑइल त्या गिअरबॉक्सला धरून आहे. नवीन घातलंस तर उद्या जायचा तो आज जाईल." आणि नवा गिअरबॉक्स टाकायचा म्हणजे गाडीपेक्षा महाग, हेही त्यानं सांगून टाकलं.

लिओनेलनं ऐकलं नाही. ऐकलं असतं तर तो लिओनेल कसला. शनिवारी सकाळी त्यानं गाडी घरासमोरच्या उतरत्या फळ्यांवर चढवली, मागच्या चाकांना लाकडाचे ठोकळे लावले, पुठ्ठा अंथरला आणि आत सरकला. मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. त्याच्या असल्या कामांत माझा हुद्दा तोच असतो, ब्रेकवर पाय ठेवणारी बाई. आधी इंजिन थोडं गरम केलं, ऑइल पातळ व्हावं म्हणून. मग बंद करून खालचा नट सोडला, आणि मला तो वास आला. टोस्ट करपल्यावर घरभर राहतो तसला. नवीन असतं तेव्हा ते ऑइल लाल असतं, चेरीच्या सरबतासारखं. हे काळं होतं. नटाच्या टोकाला लोहचुंबक असतो, त्याला राखेसारखा चिखल लागला होता आणि त्यात झिजलेल्या लोखंडाची कणी होती. लिओनेलनं ती बोटांत चोळली, पँटला पुसली आणि मी बघितलंय हे बघून तोंड फिरवलं.

जितकं निघालं तितकंच आत घालायचं, हा त्याचा नियम. दुधाच्या रिकाम्या कॅनमध्ये काळं ऑइल ओतून त्यानं बाहेरून पेनानं खूण केली, दुसऱ्या कॅनमध्ये त्याच खुणेपर्यंत नवीन लाल भरलं, आणि लांब नळीच्या नरसाळ्यानं ऑइल तपासायच्या पट्टीच्या भोकातून ओतलं. मग मला ओरडून सांगायला लागला, चालू कर, ब्रेक दाब, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह, सावकाश, प्रत्येक ठिकाणी थांब. मी थांबत होते. ड्राइव्हमध्ये टाकलं की गाडीनं हलकेच पुढं ओढ घ्यावी, ती मधेच सुटत होती. मला सीटवर बसल्या बसल्या कळत होतं. तो बॉनेटवरून माझ्याकडे बघत होता, आणि मी मान हलवली, नाही म्हणून.

सोमवारी तो सुट्या भागांच्या दुकानातून कागदी पिशवी घेऊन आला. आत एक बाटली, मधासारखं दाट काहीतरी. मी विचारलं तर म्हणाला, टॉनिक आहे. ओतलं, फिरवून आणली, मलाही चढावर नेलं. गाडी लोण्यासारखी चालली. मला आनंद झाला, त्याला झाला नाही. तेव्हाच मला शंका आली.

मी रोझेरला फोन केला. तो आधी हवापाण्याचं बोलला. मग म्हणाला, ते औषध नाही तेरेज, झिलई आहे. जुनी गाडी गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारताना घालतात. दाट असतं, म्हणून घसरणं काही दिवस झाकलं जातं. थंडी पडली की संपलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या जंगलातल्या रस्त्यावर मधे घर नाही, फोन लागत नाही, आणि जानेवारीत तिथं नुसतं पाच मिनिटं उभं राहून बघावं कोणी. तिथं कोरीनची गाडी बंद पडणार, मागं तान्हं लेकरू. लिओनेल आला तसं मी त्याला धारेवर धरलं. तो बूट सोडत बसला होता, वरही बघेना.

"तिनं विचारलं तर सांगीन," म्हणाला.

आमच्याकडची ही रीत आहे. गाडी घेणाऱ्यानं तोंडावर विचारलं, काही दोष आहे का, तर खोटं बोलायचं नाही. आणि नाही विचारलं तर ते त्याचं त्यानं बघावं. पण ही रीत विकणाऱ्याची. काकानं दिलेल्या गाडीत काय दोष आहे म्हणून कुठली पुतणी विचारील? मी तेच म्हटलं. तो म्हणाला, नवीन ऑइल घातलंय, माझ्या हातानं घातलंय, यात खोटं काय आहे?

"मग सांग ना तिला. गाडी खराब निघाली, नाही देता येत. कोणी फासावर देणार आहे का तुला?"

"सगळ्या हॉलसमोर बोललोय मी," तो म्हणाला. "गेटनच्या पोरीला आयुष्यात एक गोष्ट दिली, तीही भंगार?"

मला त्याची दया आली आणि त्याच क्षणी त्याला दोन ठेवून द्याव्यात असंही वाटलं. मी म्हटलं, मग पिकअप दे. तो हसला, मी विनोद केल्यासारखा. ती पिकअप त्यानं कोरी करकरीत घेतलेली, आयुष्यातली पहिली नवी गाडी. रविवारी तिला पुसतो तेव्हा मी हाक मारली तर ऐकू येत नाही. बायको गेली तर चार दिवस रडेल, पिकअप गेली तर अंथरूण धरील, हे मी त्याला लग्नाच्या वाढदिवसालासुद्धा ऐकवलंय. त्यावर तो हसतो. या वेळी हसून झाल्यावर उठला आणि गॅरेजमध्ये जाऊन बसला.

आठवडाभर मी त्याच्या मागं लागले. एकदा फोन उचलून कोरीनचा नंबरही लावला आणि ठेवून दिला. तिला मी एकटीनं सांगितलं असतं तर ती लिओनेलकडे पुन्हा कधी सरळ बघू शकली नसती, आणि त्याला जगात तिच्याइतकं कोणाचं काही वाटत नाही. मला झोप लागेना. लागली तर तो करपट वास यायचा.

किल्ली द्यायच्या ठरल्या रविवारी चर्चमधली प्रार्थना सुटल्यावर सगळे आमच्याकडे जेवायला आले. कोरीन, ओडेट, रोझेर आणि त्याची बायको, लिओनेलच्या दोन बहिणी. मी कोंबडीचा स्ट्यू केला होता आणि तव्यावर प्लॉय घालत होते, ती आमची धिरडी, एकाच बाजूनं भाजायची. रोझेर माझी नजर चुकवत होता. त्यालाही ठाऊक होतं आणि तोही मूग गिळून बसला होता, दोस्ताचं नाक कापलं जाऊ नये म्हणून. अशी ही पुरुषांची जात. लिओनेलनं किल्लीला लाल रिबीन बांधली होती. कोरीननं काही विचारलं नाही. तिनं फक्त काकाच्या गळ्यात हात टाकले आणि म्हणाली, "काका, बाबा असते तर त्यांनीही एवढं केलं नसतं."

लिओनेलचं तोंड पांढरं पडलं. मला वाटलं, आता बोलेल. मी तवा खाली उतरवून थांबले. खरंच थांबले. तो बोलला नाही, रिबीन बोटाला गुंडाळत राहिला.

मग मी बोलले. तोंडभर हसून, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "अगं कोरीन, ती किल्ली नुसती गंमत आहे. याला रात्रंदिवस घोर लागलाय, एवढं लेकरू घेऊन ही त्या बर्फात छोट्या गाडीत कशी जाणार म्हणून. पिकअप देतोय तो तुला. स्वतःच्या तोंडानं सांगायला लाजतोय."

मग त्याच्या बहिणींनी टाळ्या वाजवल्या. कोरीन, नको काका, तुमची पिकअप नको, म्हणत रडायला लागली, आणि लिओनेल माझ्याकडे बघत राहिला. एका समारंभात त्यानं स्वतःला अडकवलं होतं, दुसऱ्यात मी त्याला अडकवलं. नाही म्हणायची सोय नव्हती. त्यानं खिशातून पिकअपची किल्ली काढली, टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "थंडीत आधी इंजिन गरम होऊ दे." एवढंच. रोझेर प्लॉय न घेताच घरी गेला.

त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतं बोलायला लागला. मीठ दे, बर्फ काढलाय, येतो. तो ज्या लाकडाच्या गिरणीत काम करतो ती त्याच जंगलातल्या रस्त्यावर आहे, आणि आता तो छोट्या गाडीनं जायला लागला. गिरणीतल्या कोणाबरोबर तरी जा म्हटलं तर ऐकलंच नाही असं करायचा. मी मनाशी म्हणायचे, मोठा माणूस आहे, त्याचं तो बघेल. पण सकाळी गाडीचा आवाज लांब जाईपर्यंत मी खिडकीतच असायचे. कोरीनला वाचवायला म्हणून मी त्याला त्या गाडीत बसवलं होतं, हे मला कळत होतं. मी शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला आहे, तिथं भांडी घासताना माझी नजर सारखी घड्याळाकडे जायची.

जानेवारीतल्या एका दिवशी तो वेळेवर आला नाही. आमच्याकडे दुपार संपायच्या आत अंधारतं. गिरणीत फोन केला, तर केव्हाच निघाला म्हणाले. रोझेरला फोन केला, तो गाडी ओढायचा ट्रक घेऊन तसाच निघाला, काही विचारलंसुद्धा नाही त्यानं. मी कोट घालून दारात उभी, मग आत, मग पुन्हा दारात. देवाला काय काय बोलले ते सांगत नाही, त्यात शिव्याही होत्या.

शेवटी ओंडक्यांचा एक मोठा ट्रक आमच्या कोपऱ्यावर थांबला आणि त्यातून लिओनेल उतरला. छोटी गाडी जंगलात बंद पडली होती, त्या ट्रकवाल्यानं त्याला उचललं. चालत आला, पण पाय लाकडाचे असल्यासारखा. कान पांढरे पडले होते. मी त्याला शेगडीजवळ बसवलं, बूट ओढून काढले, रोझेरच्या बायकोला फोन केला की त्याला निरोप दे, हा घरी आलाय. मग खाली बसून त्याचे पाय मांडीवर घेतले. दोन महिने मी जे बोलायचं साठवलं होतं त्यातलं काहीच तोंडात येईना. शेवटी म्हटलं, "मी बसवलं तुला त्या गाडीत."

त्यानं नाही म्हणून मान हलवली. दात वाजत होते, म्हणून तुकड्या तुकड्यानं बोलला.

"मी रोज घोंगडी घेऊन निघायचो, तेरेज. दोन घोंगड्या, जास्तीचे मोजे, थर्मास. गाडी जाणार हे मला ठाऊक होतं ना." मग थोडा थांबून म्हणाला, "तिला मी घोंगडी घे एवढंही सांगणार नव्हतो."

आणि लिओनेल रडायला लागला. गेटनच्या वेळीसुद्धा मी त्याला असं रडताना पाहिलं नव्हतं. मी त्याचे पाय चोळत राहिले.