बदली नटीचा बुधवार

इरेना मावशीनं सहाशे बारा प्रयोगांत एकच वाक्य म्हटलं : "बाईसाहेब, गाडी आली." मोलकरणीचं काम! पण त्या संगीत नाटकातली नायिका रोझाल्बा, तिची सगळी गाणी नि सगळे नाच मावशीला तोंडपाठ. कारण ती बदली नटी. नायिका मार्गो डिलेनी आजारी पडली, तर मावशीनं उभं राहायचं. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर, त्या नाटकांच्या रस्त्यावर, बदली असणं म्हणजे रोज नवरीसारखं तयार राहायचं आणि वरात रोज शेजारच्या घरी. दोन वर्षांत मार्गोला साधी शिंक आली नव्हती.

येत्या शनिवारी नाटक कायमचं बंद होणार होतं. मावशीला एकदा, फक्त एकदा रोझाल्बा करायची होती.

बुधवारी दुपारच्या खेळाला मी भूमितीचा तास बुडवून तिच्या खोलीत हजर. मागच्या वर्षीची मी असते तर खोटी चिठ्ठी आणली असती. आता मी सरळ उठून चालू लागते.

नियम असा की पडदा उघडायच्या अर्धा तास आधी, मागच्या दारापाशी लावलेल्या कागदावर ज्याची सही नाही, त्याचं काम बदलीकडे. अर्धा तास उरला. मार्गोच्या नावापुढे कोरं! सगळा कारभार बघणारे मिस्टर हॅगर्टी धावत आले. "इरेना, चढव झगा! तिचा घसा बसलाय."

झगा मार्गोच्या मापाचा. हुक चौदा.

"ओढ गं वांडा!"

"मावशी, तू श्वास घेऊ नकोस ना!"

"दोन वर्षं रोखलाय, आता अर्धा तास काय जड?"

आरशात ती खरंच रोझाल्बा दिसत होती. मी तर नाचायलाच लागले.

पण बाहेर नायिका बदलल्याची चिठ्ठी वाटली गेली, आणि तिकीट-खिडकीशी रांग लागली. जाहिरातीत नाटकाच्या नावाच्याही वर जिचं नाव छापलंय ती नसेल, तर पैसे परत मागता येतात. निर्मात्यानं रांग पाहिली आणि मार्गोच्या हॉटेलात फोन लावला.

पडद्याला सात मिनिटं असताना मार्गो आली. फरकोटाखाली घरातला गाऊन, आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा. "काढ झगा, लाडके."

मीच पुढे झाले. "मिस्टर हॅगर्टी, हिची सही कुठाय? नियम नाही का?"

ते माझ्याकडे बघेनात. "पोरी, नियम सही करणाऱ्यांना. हिचं नाव बाहेर दिव्यांनी लिहिलंय."

चौदा हुक मीच काढले. मावशीनं पुन्हा मोलकरणीचा एप्रन बांधला.

मार्गोनं वरचे सूर सरळ गाळले. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या! त्यानंतरच्या प्रवेशात मावशी शाल घेऊन आली. "बाईसाहेब, गाडी आली."

खेळ संपल्यावर मार्गोनं तिच्या गालावर टिचकी मारली. "तू म्हणजे औषध बघ. तू तयार होतेयस कळलं, की मी टुणकन बरी!"

"मग डॉक्टरची फी कुणाकडे पाठवू?" मावशी म्हणाली.

मार्गो खो-खो हसली. मावशी नाही. उरलेल्या पाचही खेळांना मार्गो तासभर आधी हजर.

पुढच्या आठवड्यात एका नव्या नाटकासाठी नटी निवडत होते. मी मागच्या खुर्चीत लपून बसले. मावशी अशी गायली की पियानोवाल्यानं मान वर करून बघितलं. अंधारातून आवाज आला, "सुरेख! मुख्य भूमिका कोणत्या केल्यात?"

सांग ना, रोझाल्बा केली म्हणून! कोण तपासायला जातंय? मी असते तर ठोकून दिलं असतं!

"एकही नाही," मावशी म्हणाली.

पलीकडे कुजबुज झाली. "आम्हाला खात्रीची बदली हवी आहे. आमच्या नायिकेची तब्येत तशी उत्तम असते, पण..."

नाही म्हण. मावशी, नाही म्हण!

मावशीनं गाण्याचे कागद गोळा केले, कडा नीट जुळवल्या. "कधीपासून येऊ?"

घरी जाताना भुयारी रेल्वेत तिच्या शेजारची जागा रिकामी होती. तिनं खूण केली, तरी मी बसले नाही. आमचं ग्रीनपॉइंट स्टेशन येईपर्यंत उभीच राहिले.